सिस्टरचं गणित

गेल्या शनिवारी वरसेला मामाकडे गेलो होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वरसे म्हणजे रोह्याला चिकटलेलं गाव. नवख्या माणसाला रोहा कुठे संपलं आणि वरसे कुठे सुरू झालं ते कळतच नाही. झोपाळ्यावर लोळून दोन दिवस काढायचे, एवढाच प्लॅन होता. पण मामेबहीण बीएस्सी नर्सिंग करते, तिची परीक्षा जवळ आलेली. पुस्तक माझ्या मांडीवर टाकून म्हणाली, "दादा, तू इंजिनिअर ना? मग हे स्टँडर्ड डेव्हिएशन मला परीक्षेपुरतं शिकव."

"परीक्षेपुरतंच का?"

"आम्हाला इंजेक्शनं द्यायची असतात. सरासरी नाही."

पुस्तक उघडलं आणि तिचं म्हणणं निम्मं पटलं. पन्नास विद्यार्थ्यांचे मार्क, नाणेफेक, पत्त्यांचा जोड. वॉर्डाचा कुठे वासही नाही. मग मी ते मिटलं आणि तिला चार पेशंटचं वरचं बीपी लिहून दिलं: ८०, १२०, १२०, १६०. सरासरी काढ म्हटलं. आली १२०. शेजारच्या वॉर्डाचे आकडे: ११८, १२०, १२०, १२२. सरासरी पुन्हा १२०. "आता सांग, कुठल्या वॉर्डात धावत जाशील?"

ती हसली. पहिल्या वॉर्डात स्टँडर्ड डेव्हिएशन २८ च्या वर, दुसऱ्यात दीडसुद्धा नाही. सर्व्हरचा सरासरी रिस्पॉन्स टाइम मस्त दिसतो आणि तरी कस्टमर शिव्या घालत असतो, हे आपण रोज बघतो. फरक एवढाच की आपल्याकडे पेज उशिरा उघडतं, तिच्याकडे माणूस जातो.

माझं मत सरळ आहे. संख्याशास्त्र हा नर्सिंगचा "काढून टाकायचा" विषय नाही, तो नर्सच्या कामातलाच आहे. आणि हे मी अनुभवाने बोलतोय.

काही वर्षांपूर्वी आईची एक तपासणी पॉझिटिव्ह आली. स्क्रीनिंगची, म्हणजे लक्षणं नसताना करतात ती. डॉक्टर घाईत. मी सिस्टरना विचारलं, "म्हणजे नक्की काय?" त्या म्हणाल्या, "पॉझिटिव्ह म्हणजे आहेच." पुढच्या तपासणीपर्यंत अकरा रात्री घरात कोणी धड झोपलं नाही. शेवटी काहीच निघालं नाही.

त्या सिस्टरवर माझा राग नाही. त्यांना कोणी सांगितलंच नसणार. गणित तर पाचवीचं आहे. समजा १००० बायका तपासल्या, त्यातल्या १० जणींना खरंच आजार आहे. तपासणी त्यातल्या ९ पकडते. उरलेल्या ९९० निरोगी बायकांमधल्या शंभरात ९ जणींना ती चुकून पॉझिटिव्ह दाखवते, म्हणजे साधारण ८९. एकूण पॉझिटिव्ह ९८, खऱ्या आजारी फक्त ९. "घाबरू नका, पण पुढची तपासणी टाळू नका," हे वाक्य या हिशोबातून येतं. आणि ते बहुतेक वेळा सिस्टरनाच बोलावं लागतं, कारण पेशंट प्रश्न त्यांनाच विचारतो.

बरं, हा संबंध काही मी जोडलेला नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्याला दिवा घेतलेली बाई म्हणूनच माहीत. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त मेले, हे तिने आकडे मोजून आणि आकृत्या काढून सरकारच्या गळी उतरवलं. १८५८ साली लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने तिला सभासद करून घेतलं. ती तिथली पहिली बाई.

एवढ्या लांब जायचं नसेल तर गडचिरोलीला या. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. वजन करणं, श्वास मोजणं, लिहून ठेवणं. काम ३९ गावांत, पण मोजणी आणखी ४७ गावांतही, जिथे हा कार्यक्रम नव्हता. का? कारण मृत्यू नुसते कमी झाले असते तर लोक म्हणाले असते, "ते तसेही झाले असते." १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला: हजार जन्मांमागे नवजात मृत्यू इथे २५.५, तिथे ५९.६. आपण ज्याला ए-बी टेस्ट म्हणतो ना, त्यातलीच ही बाळांच्या जिवाची. आणि वह्या भरणाऱ्या बायका काही स्टॅटिस्टिशियन नव्हत्या.

आणि रोह्याच्या पोरीने तर या विषयाला नाक मुरडूच नये. चिंतामणराव देशमुखांचं बालपण रोह्यात गेलं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर हे सगळ्यांना पाठ असतं. पण १९४५ ते १९६४ ते इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे अध्यक्षही होते, हे मामालाही माहीत नव्हतं.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. नाणी आणि पत्ते राहू द्या, पण पहिलं उदाहरण पेशंटच्या टेम्परेचर चार्टचं द्या. पडलेल्या पेशंटची, सलाइनच्या जागी सूज आलेल्यांची नोंद महिनाभर ठेवायला लावा आणि मग विचारा, हा आकडा खरंच वाढला की योगायोग? फॉर्म्युला पाठ होईल न होईल, प्रश्न विचारायची सवय तरी लागेल. "पोरींना एवढं कशाला?" असं म्हणणाऱ्यांनी एकदा नाइट ड्यूटी बघून यावी.

असो. रविवारी संध्याकाळी निघालो. पेणपर्यंत पोचतो न पोचतो तोच तिचा मेसेज आला, "दादा, ते ८९ कसे आले ते परत सांग. मैत्रिणीला समजावतेय."