कॅथेटर कुठे अडला?

बोकडाची लघवी तुंबली की बुलढाण्यातल्या पशुवैद्यकाचा हात आधी शिश्नाच्या टोकाकडे जातो. बैल असेल तर नागमोडी वळणाकडे. खडा कुठे बसतो, हे आपल्या बोटांना पाठ आहे. चिखली-खामगावकडे आता पिशवीत घालून बोकाही आणला जातो, आणि तिथे ही सवय अर्धीच कामाला येते.

बोक्याचा मूत्रमार्ग शिश्नात सर्वांत अरुंद. खडा किंवा चिकट बोळा बहुधा तिथेच अडकतो. अशा वेळी आधी जीव वाचवायचा : रक्तातले पोटॅशियम, हृदयाची गती, मग भूल, कॅथेटर, सलाईन. हे आपण करतो. पण निघालेला अडथळा पुन्हा आला, खडा नाही, स्फटिक नाहीत, बोका दहा वर्षांपुढचा आहे, तर प्रोस्टेटची आठवण व्हायला हवी.

इथे कुत्र्याचा अनुभव दिशाभूल करतो. कुत्र्याची प्रोस्टेट मूत्राशयाच्या मानेजवळ मूत्रमार्गाला वेढून असते, बोटाला लागते, खच्चीकरणाने आक्रसते. बोक्याची ग्रंथी इवलीशी, दोन खंडांची, मानेपासून दोन-तीन सेंटीमीटर मागे. बोट सहसा पोहोचत नाही. सोनोग्राफी मूत्राशयावरच थांबली तर ती नजरेतून सुटते. तिचे आजार विरळच : जंतुसंसर्ग, गळू, पुटी, कर्करोग. मात्र कर्करोग खच्ची केलेल्या म्हाताऱ्या बोक्यांतही आढळला आहे. तेव्हा ‘याचे खच्चीकरण झाले आहे’ एवढ्यावर तिला सोडून देता येत नाही.

मूत्राशयातून सुईने घेतलेल्या लघवीचे कल्चर, रंगद्रव्य सोडून काढलेला एक्स-रे आणि गाठ दिसल्यास सुईने पेशींची तपासणी, हा क्रम. खामगावहून सुमारे ५० किलोमीटरवर अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यकीय संस्था आहे. संशय असेल तर रुग्ण वेळेत पाठवावा. संसर्ग असल्यास ग्रंथीत शिरणारे प्रतिजैविक, कल्चर पाहून, किमान चार आठवडे. एन्रोफ्लॉक्सॅसिन निवडले तर दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, बोक्याची दृष्टी जाऊ शकते. गळूला शस्त्रक्रिया, खच्ची न केलेल्याचे खच्चीकरण. कर्करोग निघाला तर मालकाला खोटी आशा देऊ नये.

अद्ययावत यंत्रे प्रत्येक तालुक्यात नसतील. एक गोष्ट मात्र आजपासून जमेल. केसपेपरवर ‘लघवी तुंबली, काढली’ एवढेच न लिहिता, कॅथेटर टोकापासून किती सेंटीमीटरवर अडला तेही लिहा. बोका पुन्हा आला, की पुढचा तपास त्या आकड्यापासून सुरू होईल.