चालत गेलेल्यांचे साहित्य

मराठी आत्मचरित्रांत ‘शाळेची वाट’ हे प्रकरण जवळपास ठरलेले असते. अनवाणी पाय, डोक्यावर इरले, पावसात भरून वाहणारा व्हाळ, आणि अखेरीस ‘त्या वाटेनेच आम्हांला घडवले’ हा निष्कर्ष. असे उतारे शिकवताना आपण सारे या निष्कर्षापाशी माना डोलावतो. आमचा आक्षेप नेमका त्यालाच आहे. शाळेपर्यंत जे पोचले, त्यांनी लिहिले. व्हाळाच्या अलीकडे जी राहिली, आणि त्यांत मुली अधिक होत्या, त्यांच्या आठवणी कोणी छापल्या नाहीत. पोचलेल्यांच्याच साक्षीवरून वाटेचे गुणगान करणे हा वाचनातला दोष आहे.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये (१९३५) दापोलीला शिकणारा श्याम पायी पालगडला घरी येतो. त्यातले मातृप्रेम आपण शिकवतो. पुढच्या शिक्षणाची सोय गावात नव्हती, हे सांगायचे राहून जाते. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त (१९८०) बिऱ्हाडच फिरते असल्याने शाळेची वाट पुनःपुन्हा तुटते. तिथे वाटेचे काव्य कोणाला सुचत नाही.

देवगड तालुक्यातले कुणकेश्वर घ्या. पुढे समुद्र, मागे कातळाचा सडा आणि आंब्याची कलमे, देवगडच्या वाटेवर खाडी. तारामुंबरी-मिठमुंबरी पूल नव्हता तेव्हा देवगडला जायचे तर होडी, नाहीतर रस्त्याने लांबचा वळसा. आता गाडी पुलावरून थेट जाते. हे चांगलेच झाले. पण रस्ता झाला, गाडी आली, म्हणून वाडीतली शाळा उचलून दूर न्यायला हरकत नाही, हा तर्क आम्हांस मान्य नाही. आणि तो राज्यभर ऐकू येतो आहे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याखालील राज्याच्या २०११ च्या नियमांनी पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर व सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत शाळा असावी असे ठरवले. अंतराचा भार मुलाच्या पायांवरून शासनावर आला. तरीही २०१७ मध्ये १० पेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी तोरणमाळ व पानशेतच्या धर्तीवर समूहशाळांचे प्रस्ताव मागवले गेले.

पाच मुलांच्या शाळेत खेळ रंगत नाही, एकाच शिक्षकावर सारे वर्ग पडतात, हे आम्ही नाकारत नाही. पण शाळेची गाडी निधीवर आणि कंत्राटावर चालते. ती थांबली की सड्यावरच्या वाडीतले पोर घरी बसेल; सर्वांत आधी मुलगी बसेल. त्या वेळी तक्रार करणाऱ्या पालकाला ऐकवले जाईल, ‘आम्ही नाही का चालत गेलो?’ हे वाक्य आपल्याच वर्गांत घोटून घेतलेले आहे.

तेव्हा असा उतारा पुन्हा शिकवताना दोन प्रश्न विचारले जावेत, एवढेच आमचे मागणे आहे. शाळा इतकी लांब का होती? आणि बरोबर निघालेल्यांपैकी कोण पोचले नाही?