मुकी यंत्रे बोलू लागली, ऐकतो कोण?



'इंटरनेट ऑफ थिंग्ज' हे नाव कृषी प्रदर्शनांत आणि मंत्र्यांच्या भाषणांत फार ऐकू येते. केव्हिन अ‍ॅश्टन या ब्रिटिश तंत्रज्ञाने १९९९ साली ते रूढ केले. नाव जड आहे, गोष्ट ओळखीची आहे. विहिरीवरच्या मोटरला मोबाईल स्टार्टर बसवला की रात्री-अपरात्री अंधारात न जाता घरून मोटर चालू करता येते. वीज आली की गेली तेही फोनवर कळते. मोटरला सिमकार्ड मिळाले आणि ती बोलू लागली. यंत्रातला सेन्सर मोजतो, सिमकार्ड आकडा दूरच्या संगणकाला कळवते, पुढचा निर्णय त्या आकड्यावर होतो.

कोरडवाहू शेतकरी म्हणेल, आमच्याकडे ना विहीर ना ठिबक, आमचा काय संबंध? बागायतदारापेक्षा जास्त आहे. महावेध प्रकल्पात राज्यातल्या महसूल मंडळांत दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. अशा केंद्रातला पर्जन्यमापक साधारणपणे असा चालतो: नरसाळ्यातले पाणी दोन कप्प्यांच्या झुलत्या भांड्यात पडते. एक कप्पा भरला की कलंडतो, दुसरा वर येतो. किती वेळा कलंडले त्यावरून मिलिमीटर निघतात आणि परस्पर पुढे जातात. मध्ये कोणाची वही नाही, कोणाची लहर नाही, हे चांगलेच.

पण नरसाळ्यात पाला अडकला, कोळ्याने जाळे विणले, शेजारचे झाड उंच वाढले, तर आकडा कमी येतो. यंत्र तेव्हाही बोलतेच. फक्त खोटे बोलते. आणि चोवीस तासांत ६५ मिलिमीटरची नोंद झाली तर मंडळात अतिवृष्टी, ६४ झाली तर नाही! पाऊस काही मंडळाची हद्द पाहून पडत नाही. एका गावात कपाशी पाण्यात उभी, ज्वारीची कणसे काळी पडलेली, आणि केंद्राच्या गावात नुसती भुरभुर, असे घडते. केंद्र सरकारने २०२३ साली 'विंड्स' योजनेत ग्रामपंचायतीगणिक पर्जन्यमापक बसवायचे ठरवले. तसे झाले तर हा अन्याय बराच कमी होईल.

आमचा यंत्राला विरोध नाही. पण यंत्र आमच्या शिवारात, मोजते आमच्या शेतावरचा पाऊस, तर आकडा त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे. सरकारी संकेतस्थळावर तो असतो, हे उत्तर पुरेसे नाही. चूक असेल तर पंचनाम्याआधी हरकत घेता आली पाहिजे.

तोवर एक काम करा. सरळ भिंतींचा, सपाट तळाचा डबा उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला आतल्या पाण्याची खोली पट्टीने मोजा. तेवढे मिलिमीटर पाऊस झाला. तारखेसह वहीत लिहा, डबा रिकामा करा. मंडळातले केंद्रही पाहून या: कुंपण आहे का, झाड किती जवळ आहे, नरसाळे साफ आहे का. जिल्हा बैठकीला वह्या सोबत आणा. जिथे वही आणि सरकारी आकडा जुळत नाहीत, त्या मंडळांची यादी तिथेच करू आणि तहसीलदारांकडे हरकतीचे अर्ज एकदम देऊ.