खेळाचा मोबाइल आणि घरचें काम

आम्हां विद्यार्थ्यांच्या गप्पांचा विषय कोणता, हें ज्यास जाणून घ्यावयाचें असेल त्यानें मधल्या सुट्टींत आमच्या शाळेच्या जिन्यापाशीं पांच मिनिटें उभें राहावें. क्रिकेट व परीक्षा यांच्या खालोखाल जो विषय त्याच्या कानीं पडेल तो मोबाइलचा. कोणाच्या मोबाइलांत प्रोसेसर कोणता, पडदा सेकंदास किती वेळां बदलतो, अमुक खेळ विनाअडथळा चालतो कीं मध्येंच अडखळतो, यांवर जी चर्चा तेथें रंगते, तींतील अर्धी कळकळ आम्हीं बीजगणितांत दाखविली असती, तर आमचे गुरुजन धन्य झाले असते!

या विषयावर दोन मतें ऐकूं येतात. वडील मंडळी म्हणतात कीं, खेळाचे मोबाइल ही पैशाची व डोळ्यांची नासाडी आहे. मुलें म्हणतात कीं, पंधरावीस हजारांत इतका वेगवान मोबाइल मिळतो, हीच या काळाची थोरवी आहे. माझ्या अल्पमतीप्रमाणें दोन्ही पक्ष एकच चूक करितात. दोघेही त्या वस्तूकडे केवळ खेळाचें साधन म्हणून पाहतात. परंतु नौपाड्यांतील आमच्यासारख्या सामान्य घरांत असा मोबाइल येतो तो एकट्या खेळासाठीं येत नाहीं. त्याच्यावरच विजेचें बिल भरलें जातें, लोकलचें तिकीट काढलें जातें, शाळेच्या सूचना येतात, भाजीवाल्यास पैसे दिले जातात आणि गांवीं असलेल्या आजीशीं बोलणें होतें. शर्यतीचा बैल विकत आणून त्यास रोज नांगरास जुंपावें, तसा हा प्रकार आहे. मग तो किती वेगानें पळतो एवढेंच पाहून कसें भागेल? तो नांगर किती दिवस ओढील, हेंही पाहिलें पाहिजे. हेंच मत थोडक्यांत मांडण्यास मी प्रवृत्त झालों आहें.

या मोबाइलांचा इतिहास फार जुना नाहीं. सप्टेंबर २०१६ मध्यें जिओची सेवा सुरू झाली व इंटरनेट एकाएकीं स्वस्त झालें. ऑगस्ट २०१८ मध्यें पोको एफ-१ हा मोबाइल २०,९९९ रुपयांस भारतांत आला. त्यांतील स्नॅपड्रॅगन ८४५ हा प्रोसेसर तोंपर्यंत याहून पुष्कळ महाग मोबाइलांतच पाहावयास मिळे. पुढच्या वर्षीं, ऑक्टोबर २०१९ मध्यें, रेडमी नोट ८ प्रो हा १४,९९९ रुपयांपासून मिळूं लागला. त्याचा हेलिओ जी-९० टी हा प्रोसेसर तर खेळासाठींच म्हणून जाहीर झालेला होता. तेव्हांपासून 'स्वस्त आणि वेगवान' या दोन शब्दांचें लग्न लागलें, तें आजतागायत टिकून आहे. नंतर २०२० सालीं टाळेबंदी आली, शाळा मोबाइलवर भरूं लागली, आणि ज्या घरांनीं एरवीं असा खर्च केला नसता त्यांतील कित्येकांस तो करावा लागला. त्याच वर्षीं २ सप्टेंबर रोजीं सरकारनें पबजीसह ११८ ॲपांवर बंदी घातली. जुलै २०२१ मध्यें त्या खेळाची भारतीय आवृत्ति बीजीएमआय या नांवानें आली; जुलै २०२२ मध्यें तीही हटविली गेली; आणि मे २०२३ मध्यें ती परत आली, ती अठरा वर्षांखालील खेळाडूंस दिवसास ३ तासांची मर्यादा घालून. हुकूम आले आणि गेले. मोबाइल मात्र घरांतच राहिला. म्हणून या प्रश्नाचें उत्तर सरकारी हुकुमांत शोधण्यापेक्षां आपल्या घरांत शोधणें बरें.

आतां वेगाची गोष्ट घेऊं. पडद्यावरील चित्र सेकंदास ६० वेळां बदलावयाचें असेल, तर प्रत्येक चित्र तयार करण्यास प्रोसेसरला सुमारें १६.७ मिलिसेकंद मिळतात. १२० वेळां बदलावयाचें असेल, तर अवघे ८.३. म्हणजे तेंच काम निम्म्या वेळांत उरकावें लागतें. काम वाढलें कीं वीज अधिक लागते, आणि ती वीज अखेर उष्णतेचें रूप घेते. घरच्या संगणकांत पंखा असतो. खिशांत मावणाऱ्या या यंत्रांत तो बहुधा नसतो. आंतली उष्णता पाठीच्या कवचांतून व पडद्यांतून बाहेरच्या हवेंतच जावयाची. पण बाहेर मे महिन्यांतील ठाणें असेल, खाडीवरचा दमट वारा अंगाला चिकटत असेल, तर ती उष्णता तरी लवकर कशी जावी? तपमान एका मर्यादेपलीकडे गेलें कीं प्रोसेसर आपण होऊन आपला वेग कमी करितो. हा त्याचा दोष नव्हे. हें त्याचें आत्मसंरक्षण आहे. परंतु यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. दुकानांत जो वेग दाखवितात व जाहिरातींत जे आंकडे छापतात, ते थंड मोबाइलचे पहिल्या कांहीं मिनिटांतील असतात. अर्ध्या तासानंतर त्या मोबाइलचें काय होतें, हें जाहिरात सांगत नाहीं, आणि आम्ही विचारीत नाहीं.

दुसरी गोष्ट किंमतीची. ठराविक किंमतींत एका भागावर अधिक खर्च केला, तर दुसऱ्या भागावर तो कमी करावाच लागतो. प्रोसेसर व पडदा उत्तम दिला, कीं बहुधा कॅमेरा साधारण असतो, नाहीं तर कवच प्लास्टिकचें असतें, नाहीं तर नव्या सुधारणा मिळण्याचीं वर्षें थोडीं असतात. कित्येक ठिकाणीं साठवणीचाच एक भाग उसना घेऊन 'वाढीव रॅम' म्हणून मिरवितात. परंतु साठवण ही रॅमपेक्षां पुष्कळ मंद असल्यानें त्या वाढीचा उपयोग खेळांत फारसा होत नाहीं. यांत फसवणूक आहे असें मी म्हणत नाहीं. प्रत्येक व्यापारी आपल्या मालाची उजळ बाजू पुढें करितो; उलटी बाजू पाहणें हें गिऱ्हाइकाचें काम आहे. युरोपांत २० जून २०२५ पासून असा नियम लागू झाला आहे कीं, मोबाइलची बॅटरी ८०० वेळां पूर्ण भरल्यावरही तिच्यांत मूळच्या निदान ८० टक्के शक्ति उरली पाहिजे. वस्तु किती वेगवान आहे याबरोबरच ती किती टिकते हें विचारण्याचा गिऱ्हाइकाचा हक्क त्या नियमानें मान्य केला आहे. आपणही तो प्रश्न विचारण्यास शिकलें पाहिजे.

बॅटरीचें नांव निघालें, तेव्हां मला माझी स्वतःची गोष्ट सांगणें प्राप्त आहे. ती सांगतांना मला संकोच वाटतो. पण ती न सांगतां दुसऱ्यांस उपदेश करणें हें अधिक लाजिरवाणें होईल.

माझी आई घरीं पोळीभाजीच्या व सणावारीं मोदक-पुरणपोळीच्या मागण्या घेते. मागील वर्षीं जून महिन्यांत तिचा जुना मोबाइल बंद पडला. तेव्हां घरांत सर्वांसाठीं एक चांगला मोबाइल घ्यावा असें ठरलें, आणि तो निवडण्याचें काम माझ्याकडे आलें. मीं वडिलांस सांगितलें, "अभ्यासासाठीं जरा वेगवान घेऊं." त्यांनीं विश्वास ठेवला. वास्तविक अभ्यासाला एवढा वेग लागत नाहीं, हें मला ठाऊक होतें. वेग मला हवा होता तो खेळासाठीं. पहिले कांहीं महिने सर्व ठीक चाललें. आईची गिऱ्हाइकें, वडिलांचे व्यवहार, माझे धडे व माझा खेळ अशीं चारही कामें तो मोबाइल न कुरकुरतां करी, आणि माझ्या निवडीचें घरांत कौतुकही झालें.

पुढें उन्हाळ्याची सुट्टी लागली. दुपारीं मित्रांबरोबर दोन-दोन, तीन-तीन तास खेळ चाले. बॅटरी उतरूं नये म्हणून चार्जरची वायर लावूनच मी खेळें. खेळण्यानें यंत्र तापतें, भरण्यानेंही बॅटरी तापते, आणि उष्णता ही लिथियमच्या बॅटरीची वैरीण आहे, हें मला त्या वेळीं माहीत नव्हतें. जो मोबाइल आरंभीं रात्रीपर्यंत टिके, तो दुपारीं चारलाच मान टाकूं लागला.

त्याच सुट्टींत संकष्टी चतुर्थीच्या दिवशीं आईकडे ५१ उकडीच्या मोदकांची मागणी होती. मोदक कोठें पोंचवावयाचे, हें गिऱ्हाईक सायंकाळीं सहाच्या सुमारास कळविणार होतें. आई स्वयंपाकघरांत उकड काढण्यांत गुंतली होती, आणि मी बाहेरच्या खोलींत वायर लावून खेळत होतों. साडेपांचला पडद्यावर सूचना आली कीं, यंत्र फार तापल्यामुळें भरणें थांबविलें आहे. मीं ती बोटानें बाजूस सारली व डाव पुरा केला. थोड्याच वेळांत मोबाइल बंद पडला. तो निवून, भरून पुन्हां सुरू होईपर्यंत सात वाजून गेले होते. तोंपर्यंत त्या गिऱ्हाइकानें वाट पाहून दुसरीकडून मोदक घेतले होते. तसा निरोप आलेला होता. उपवास करणाऱ्या घरास चंद्रोदयापूर्वीं नैवेद्य लागतो. त्यांचा तरी काय दोष?

आई रागावली नाहीं. तिनें एवढेंच विचारलें, "फोन गरम झाला होता कां रे?" मीं मान हलविली. मग तिनें ते मोदक डब्यांत भरले आणि शेजारच्या बिऱ्हाडांत वांटण्यास मलाच पाठविलें. चार मजले चढउतर करतांना प्रत्येक दारीं "आज काय विशेष?" असा प्रश्न आला, आणि प्रत्येक दारीं मला खोटें हसावें लागलें. त्या रात्रीं मीं वडिलांस खरें कारण सांगितलें. पुढें नवी बॅटरी बसविली, तिला मोबाइलच्या किंमतीच्या दहाव्या भागाइतका खर्च आला. गेलेलें गिऱ्हाईक मात्र आलें नाहीं.

ही हकीकत वाचून वडील मंडळींनीं "आम्ही म्हणतच होतों" असें म्हणूं नये, अशी माझी नम्र विनंति आहे. खेळ हें पाप नव्हे. चार मित्र चार घरांत बसून एका मनानें डाव टाकतात, त्यांतही सावधपणा व एकमेकांवरील विश्वास लागतो. मैदानें थोडीं, इमारती दाट, आणि क्लासच्या वेळा विचित्र, अशा गांवांत मुलांस तेवढाच सहवास कधीं कधीं मिळतो. पैसे लावून खेळावयाच्या खेळांची गोष्ट वेगळी. त्यांना संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें कायद्यानें मनाई केली, हें योग्यच झालें. परंतु सरसकट सर्व खेळांस दोष दिला, तर मुलें खरें कारण लपवूं लागतात. मीं "अभ्यासासाठीं" असें जें म्हटलें, त्याचें एक कारण हेंही होतें कीं, "खेळासाठीं" असें म्हटल्यास काय ऐकावें लागेल तें मला ठाऊक होतें. यानें माझें असत्य क्षम्य होत नाहीं. पण तें कोठून उगवलें, एवढें तरी कळावें.

आतां मित्रांस चार शब्द. मोबाइल घेण्यापूर्वीं तो कोणकोणत्या कामांसाठीं हवा आहे, याची यादी घरांत सर्वांदेखत करावी, व तींत 'खेळ' हा शब्द न लाजतां लिहावा. दुकानांत पहिल्या पांच मिनिटांच्या वेगास भुलूं नये. ज्याच्याकडे तो मोबाइल वर्षभर आहे अशा ओळखीच्या मनुष्यास, अर्ध्या तासाच्या खेळानंतर तो किती तापतो, हें विचारावें. सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षें मिळतील व बॅटरी बदलण्यास काय पडेल, हे दोन प्रश्न दुकानदारास अवश्य विचारावे. कारण ज्या यंत्रावरून घरचे पैसे जातात-येतात, तें जुनें व असुरक्षित झाल्यास नुकसान घराचें होतें. खेळतांना वायर लावूं नये. पडद्याचा प्रकाश कमी ठेवावा, व १२० ऐवजीं ६० चित्रांवर समाधान मानावें. डाव हरलों तर त्याचें कारण बहुधा तीं साठ चित्रें नसतात. आणि यंत्र 'तापलों' म्हणून सांगेल, तेव्हां तें ऐकावें.

बुरुज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, असा एक दृष्टांत आपण नीतिशिक्षणाच्या तासाला ऐकला आहे. मोबाइल घेतांना मींही हिशेब केला होता; पण तो केवळ दुकानांत द्यावयाच्या रुपयांचा. आईचे कष्ट, वडिलांचा विश्वास व घरांतील इतरांची गरज या रकमा मीं त्यांत मांडल्याच नव्हत्या. हल्लीं आमच्या घरीं तो मोबाइल दुपारीं चारपासून आईच्या ओट्याजवळच्या फळीवर असतो. माझा खेळ रात्रीं जेवणानंतर, तोही पाऊण तास. मोबाइल तोच आहे, वेगही तोच आहे. आणि खरें सांगावयाचें तर, पाऊण तासांत तो तापतही नाहीं.

— इयत्ता १० वी, 'ब' तुकडी