रखवालदाराची राखण कोणी करायची?

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत रात्री चोरी झाली की दुसऱ्या दिवशी ठरावीक मागण्या पुढे येतात. गस्त वाढवा, रस्त्यावरचे दिवे लावा, कॅमेरे बसवा. या मागण्या गैर आहेत असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. तांब्याची तार, पितळेचे सुटे भाग किंवा खिशात मावणारी कार्बाइडच्या इन्सर्टची डबी गेली, तर लघुउद्योजकाचे काम अडते, मोठ्या कारखान्याला माल वेळेवर जात नाही आणि शेडमधल्या पाच-दहा कामगारांचा पगार लांबतो. तेव्हा हा प्रश्न मालकांचा, आपल्याला त्याचे काय, ही वृत्ती कामगार चळवळीला शोभणारी नाही.

पिंपरी-चिंचवडला 15 ऑगस्ट 2018 पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. भोसरी एमआयडीसीला स्वतंत्र पोलीस ठाणेही आहे. परंतु रात्रभर फाटकापाशी जागा असतो तो रखवालदार, आणि चोरी झाल्यावर पहिला संशय येतो तोही त्याच्यावरच. बारा तासांची पाळी सर्रास असते. बदली माणूस आला नाही तर तीच पुढे चालू. हातात काठी आणि बॅटरी. ठेकेदार बदलला की नोकरी संपली. सर्वांत कमी दर देणाऱ्या एजन्सीला काम मिळते आणि ती आपले कमिशन काढून उरलेली काटकसर रखवालदाराच्या वेतनात करते. लाखो रुपयांची यंत्रे ज्याच्या भरवशावर सोडायची, त्यालाच सर्वांत स्वस्तात ठेवायचे, हे कोणत्या अर्थशास्त्रात बसते ते आयुष्यभर हा विषय शिकवूनही आम्हांला उमगलेले नाही.

वस्तुतः महाराष्ट्राने यावर फार पूर्वी विचार केलेला आहे. 1969 च्या माथाडी कायद्याच्या धर्तीवर 1981 साली खासगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा झाला. शासन, मालक आणि रक्षक यांच्या प्रतिनिधींचे मंडळ नेमायचे. मालकाने वेतन व लेव्ही मंडळाकडे भरायची. मंडळाने रक्षकाला वेतन, भविष्य निर्वाह निधी, रजा आणि उपदान द्यायचे. मधल्या ठेकेदाराला येथे जागाच नाही. पुणे जिल्ह्यातही असे मंडळ आहे. मात्र रक्षकाला मिळणारे लाभ एकंदरीत कमी नसतील तर कलम 23 अन्वये सूट देता येते, आणि ती देताना पाहिले जातात ते कागद. रक्षकाच्या हातात प्रत्यक्ष काय पडते, हे त्यालाच विचारल्याखेरीज कळणार कसे?

2005 च्या केंद्रीय कायद्याने एजन्सीला परवाना आणि रक्षकाला प्रशिक्षण बंधनकारक केले. केंद्राच्या नमुना नियमांत त्यासाठी 100 तास वर्गातले आणि 60 तास प्रत्यक्ष कामाचे शिक्षण सांगितले आहे. भोसरीतल्या किती फाटकांवर असा शिकलेला माणूस उभा आहे? (चोरीचे तांबे जाणूनबुजून विकत घेणाराही कायद्याने गुन्हेगारच असतो, त्याच्याकडे वळायला मात्र तपासाला नेहमीच उशीर होतो.)

एकट्या लहान शेडला मंडळाचा रक्षक परवडत नाही, ही तक्रार खोटी नाही. मग एका रस्त्यावरच्या आठ-दहा शेडांनी मिळून रक्षक घ्यावेत आणि मंडळाने त्याची सोय करावी. उद्योजकांच्या संघटनांपुढे ही मागणी आपणच ठेवली पाहिजे. तत्पूर्वी आपल्या भोसरीतील कार्यकर्त्यांनी रात्रपाळीला एकेका फाटकावर जावे आणि नोंदणी, पगारपत्रक व कामाचे तास यांची माहिती रखवालदाराकडूनच घ्यावी. त्याचे नाव उघड न करता फाटकांची यादी मंडळाकडे आणि कामगार आयुक्तालयाकडे पोचती करावी.