नारळ फोडणारा नको, काट्याजवळ उभा राहणारा अध्यक्ष पाहिजे

16 जूनपासून बंदी आहे, जाळी घरात आहेत, शनवाऱ्यात चहावर बसायला वेळ आहे. म्हणून एक विषय काढतो. काहींना झोंबेल.

आपल्या संस्थेत इलेक्ट्रॉनिक काटा घ्यायचं चाललंय. चांगलंच आहे. पण तापीकाठच्या एका संस्थेत (नाव सांगत नाही) असाच काटा आला होता. ठरलं असं, की मासा काठावर आला की आधी संस्थेच्या काट्यावर, मग पावती, मग बर्फात. अध्यक्षांनी नारळ फोडला, हार झाले, फोटो झाले. दोन महिन्यांत काट्यावर बारदान पडलं. का? व्यापारी म्हणाला, "जाळ्यासाठी उचल माझी, तर वजनही माझ्याच तराजूवर." सचिव शिकलेला पोरगा, पण तो त्याला काय अडवणार? अध्यक्ष अडवू शकले असते. पण त्यांच्याच नावेचा मासा त्याच व्यापाऱ्याकडे जायचा, बिनपावतीचा. मग बाकीच्यांनी रांगेत का उभं राहायचं?

लोक म्हणतात काटा फसला. काटा बरोबर होता हो.

दूधही माशासारखंच, थांबत नाही. आणंदला 1946 मध्ये खेडा जिल्ह्याचा दूध संघ झाला तेव्हा अध्यक्ष होते त्रिभुवनदास पटेल. 1949 मध्ये तिथे आलेले कुरियन सरकारी नोकरी संपवून निघाले होते, त्यांना त्रिभुवनदासांनीच थांबवून घेतलं. जुनी यंत्रं सारखी बंद पडायची, नवीन घ्यायची तर पैशाची सोय त्यांनीच केली. गावोगाव फिरून सोसायट्या उभ्या करणं, राजकारणी मंडळींना संघाच्या कामापासून लांब ठेवणं हे त्यांचं काम. यंत्रातलं कुरियन बघायचे, त्यात ते लुडबुड करत नसत. नाव कुरियनचं जास्त झालं, पण पाठ कोणाची होती ते विसरू नका.

आता आपल्याच राज्यातलं. 1996 मध्ये तवा जलाशयातल्या मासेमारीचा हक्क सरकारने विस्थापितांच्या तवा मत्स्य संघाला दिला. गावच्या सोसायट्यांचा मासा गोळा व्हायचा, बर्फात घालून पार हावड्यापर्यंत जायचा, सभासदांना बोनस मिळायचा. घरची शिस्त पक्की होती. पण 2006 मध्ये करार संपला आणि पुन्हा मिळाला नाही, कारण पुढे आलं व्याघ्र प्रकल्पाचं. म्हणजे काठावर उभं राहूनही भागत नाही. पट्ट्यासाठी भोपाळचे हेलपाटेही अध्यक्षांनीच घालायचे. सचिवाला साहेब बाकड्यावर बसवून ठेवतात.

माझं म्हणणं आमसभेत मांडणार आहे. काटा घेण्याआधी अध्यक्षांनी सगळ्यांसमोर सांगावं, की व्यापारी अडला तर त्याच्याशी बोलायला मी जाईन. उचलीचं काय करायचं तेही तेव्हाच ठरावं. ज्याचं जाळं उधारीचं आहे तो गरीब आहे, त्याच्यावर दंड लावून काटा चालणार नाही. संस्थेने थोडी उचल स्वतः द्यावी, नाहीतर हा विषय सोडून द्यावा.

आणि 16 ऑगस्टच्या सकाळी काट्यावर पहिला क्रेट अध्यक्षांच्या नावेचा. पावती सगळ्यांना दाखवून. कोणाला पटत नसेल तर शनवाऱ्यात भेटा, चहा माझ्याकडून.