किल्ला पाहिला, पण कोणता?

आल्प्स पर्वताच्या यात्रेवरून परतलेल्या आपल्याकडील प्रवाशाच्या तोंडी एक वाक्य हमखास असते : ‘त्यांनी आपले किल्ले कसे जपले आहेत, आणि आपण आपल्या किल्ल्यांची काय दशा करून टाकली आहे!’ चहाचे पेले समोर असतात, छायाचित्रे एकामागून एक दाखविली जातात, ऐकणारे मान हालवितात, एक सुस्कारा पडतो आणि विषय संपतो. या उद्गारात स्वदेशाविषयीची कळकळ आहे, असे बोलणाऱ्यास मनापासून वाटत असते. आम्हांस तसे वाटत नाही. हा उद्गार अर्धसत्य आहे. आणि त्याच्या मुळाशी कळकळीपेक्षा, पाहिलेल्या वस्तूविषयी चार प्रश्न विचारण्याचा आळसच अधिक आहे.

हा आरोप कठोर वाटेल, म्हणून त्याचे प्रमाण देणे आमचे कर्तव्य आहे. इटलीच्या वायव्य कोपऱ्यात आओस्ता नावाचे एक खोरे आहे. माँ ब्लाँच्या हिमराशींतून निघालेली दोरा बाल्तेआ नदी त्यातून वाहते आणि थोरल्या व धाकट्या सेंट बर्नार्ड खिंडींतून येणारे, फ्रान्स व स्वित्झर्लंड यांस इटलीशी जोडणारे पुरातन मार्ग याच खोऱ्यात उतरतात. मार्ग आला की जकात आली, आणि जकात आली की ती वसूल करणारा सरदारही आला. सव्हॉय राजघराण्याच्या छत्राखाली शालाँ नावाचे सरदार घराणे येथे शतकानुशतके नांदले. त्याने व त्याच्यासारख्या इतरांनी या चिंचोळ्या खोऱ्यात इतके गड व वाडे उभारले की, एकाचा बुरूज दृष्टीआड होतो न होतो तोच दुसऱ्याचा दिसू लागतो. एका दिवसात पाच किल्ले पाहून होतात, आणि आमचे प्रवासी ते पाहतातही. पण पाहतात म्हणजे काय करतात?

खोऱ्याच्या तोंडाशी बार्द येथे एका प्रचंड कड्यावर दुर्ग आहे. इ. स. १८०० च्या मे महिन्यात सेंट बर्नार्डची खिंड ओलांडून नेपोलियनचे सुमारे चाळीस हजारांचे सैन्य खाली उतरले, ते येथे येऊन अडले. आत ऑस्ट्रियाची शिबंदी अवघी चारशेच्या घरात. पण तिने जवळजवळ पंधरवडाभर दाद दिली नाही. अखेर फ्रेंचांनी तोफांच्या चाकांना गवत गुंडाळून, रस्त्यावर शेणखत पसरून, रात्रीच्या अंधारात त्या पायथ्याच्या गावातून पुढे सरकविल्या. किल्ला जूनच्या आरंभी पडला. ही कथा सांगून आमचा प्रवासी त्या तटांकडे बोट दाखवितो आणि म्हणतो, ‘याच भिंतींनी नेपोलियनला अडविले!’

याच भिंतींनी मुळीच नव्हे. ज्या भिंतींनी अडविले त्या नेपोलियनने चिडून जमीनदोस्त करविल्या. आज जो दुर्ग दिसतो तो सव्हॉय राजांनी १८३० ते १८३८ या काळात नव्याने बांधलेला आहे. बांधकाम चालू असताना, १८३१ साली, पुढे इटलीच्या एकीकरणाचा सूत्रधार ठरलेला काव्हूर हा तरुण इंजिनिअर अधिकारी म्हणून तेथे दिवस कंठीत होता. या नव्या दुर्गाने नेपोलियनसारखा शत्रू कधी पाहिलाच नाही. तो कैदखाना झाला, दारूगोळ्याचे कोठार झाला, १९७५ साली लष्कराने सोडून दिला, आणि २००६ साली संग्रहालय म्हणून लोकांस खुला झाला. तेव्हा आमच्या प्रवाशाने जे ‘जपलेले’ पाहिले, ते शत्रूने पाडलेल्या वास्तूच्या जागी उभे राहिलेले दुसरेच बांधकाम होय.

वर आओस्ता शहराच्या पलीकडे साँ-प्येर नावाचा वाडा आहे. लहान मुलांच्या परीकथेतून उचलून खडकावर ठेवावा इतका तो गोजिरवाणा दिसतो. त्याचे छायाचित्र घेतल्यावाचून कोणी पुढे जात नाही. त्याच्या मूळ भिंती खरोखरच फार जुन्या आहेत. परंतु ज्यांच्यावर कॅमेरे खिळतात ते चार नाजूक मनोरे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्या मालकाने हौसेने चढविलेले आहेत. मध्ययुग कसे असावे याविषयीची ती एका शौकिनाची कल्पना आहे. खुद्द मध्ययुगाचा तिच्याशी संबंध नाही.

आता सर्वांत लोकप्रिय अशा फेनिसकडे वळू. दुहेरी तट, बुरुजांची दाटी, आतल्या चौकात अर्धवर्तुळाकार पायऱ्या, त्यांच्यावर ड्रॅगनचा वध करणाऱ्या संत जॉर्जचे भित्तिचित्र, आणि लाकडी सज्ज्यांच्या भिंतींवर बोधवचनांचे पट हाती धरलेले ज्ञानी पुरुष! हे सारे पाहून मन हरखून जाते यात संशय नाही. पण हाच वाडा मालक बदलत बदलत शेतकऱ्याचे घर बनला होता. त्याच्या दालनांत गुरे बांधली जात आणि गवत साठविले जाई. ‘त्यांनी जपले’ असे म्हणताना त्या गोठ्याचे स्मरण कोणास होते काय? पोर्तुगालमध्ये जन्मलेल्या आल्फ्रेदो द'आंद्रादे या चित्रकार-वास्तुविशारदाने १८९५ साली तो विकत घेतला, मोडका भाग सावरला आणि १९०६ साली राष्ट्राच्या स्वाधीन केला. पुढे १९३५ नंतर दुसरा जीर्णोद्धार झाला, आणि त्या वेळी जुन्या धाटणीचे सामान मांडून दालने सजविण्यात आली. वाड्याची आजची सुबक मुद्रा पुष्कळ अंशी याच दुसऱ्या हाताने घडविली आहे.

या तीन उदाहरणांवरून दोन गोष्टी निर्विवाद ठरतात. पहिली ही की, ‘त्यांनी’ म्हणजे त्या लोकांनी वंशपरंपरेने किल्ले जपले, ही कल्पना खोटी आहे. तेथेही किल्ले पडले, पाडले गेले, गोठे झाले, तुरुंग झाले. त्यांस वाचविणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी. आणि त्यांनी आधी अभ्यास केला, मग हात लावला. दुसरी गोष्ट अशी की, वाचविणाऱ्या हातांनीच कित्येकदा नवे रचून ते जुने म्हणून उभे केले.

यावर कोणी म्हणेल, ‘मनोरे नवे असले म्हणून काय बिघडले? डोळ्यांस आनंद होतो, गावास चार पैसे मिळतात, मुलांस इतिहासाची गोडी लागते.’ हा आक्षेप क्षुद्र नाही. गावास पैसे मिळावेत हे आम्हांसही हवे आहे. परंतु इतिहासाची गोडी लागते ती कोणत्या इतिहासाची? जे घडलेच नाही त्याची गोडी लागलेला मुलगा पुढे खऱ्या इतिहासाला नीरस म्हणून नाके मुरडतो. त्याला पडका तट उजाड वाटतो, आणि तो तट रंगवून काढावा असे वाटू लागते. नक्कल करू नये असेही आमचे म्हणणे नाही. द'आंद्रादे व त्याचे सहकारी यांनी १८८४ च्या प्रदर्शनासाठी तुरिन येथे पो नदीच्या काठी एक मध्ययुगीन वस्ती व गढी उभारली, तीत याच खोऱ्यातील वाड्यांच्या प्रतिकृती आहेत. ती प्रतिकृती म्हणूनच उभी राहिली. तिने कोणास फसविले नाही. नक्कल नक्कल म्हणून मिरवावी, अस्सल अस्सल म्हणून राखावे; दोहोंची सरमिसळ मात्र करू नये. कामिल्लो बोइतो याने १८८३ साली इटलीतच हे तत्त्व मांडले की, जुन्या वास्तूत घातलेली नवी भर नवी म्हणून ओळखू आली पाहिजे. १९६४ च्या व्हेनिसच्या सनदेने तेच जगापुढे ठेवले.

या तत्त्वाच्या जवळ जाणारे काही पाहावयाचे असेल तर त्याच खोऱ्यातील इसोन्य व वेरेस या समोरासमोरच्या दोन वास्तूंकडे जावे. वेरेस हा इब्ले द शालाँ याने १३९० साली पुरा केलेला, बाजूस सुमारे तीस मीटर भरणारा दगडी चौकोन आहे. आत सामान नाही, सजावट नाही. उंच दालने, चुली आणि भिंतीच्या आधाराने वर चढत जाणारा दगडी जिना एवढेच आहे. प्रवासी पाव घटकेत बाहेर पडतात आणि ‘आत काही नाही’ म्हणतात. आम्ही म्हणतो, आत किल्ला आहे. इसोन्यचा वाडा बाहेरून इतका साधा की कोणी वळूनही पाहू नये. पण आतील चौकात लोखंडाचे डाळिंबाचे झाड असलेले कारंजे आहे, आणि ओवरीच्या कमानींत इ. स. १५०० च्या सुमाराची भित्तिचित्रे आहेत. त्यांत वीर नाहीत, ड्रॅगन नाही. आहेत ते खाटीक, भटारी, शिंपी, औषधविक्या, भाजीबाजार आणि पहाऱ्याच्या खोलीत रेंगाळणारे शिपाई. ज्यांच्या कष्टावर हे सरदार पोसले गेले ती माणसे येथे दर्शनी भागात बसली आहेत. पाहुण्यांनी व चाकरांनी शतकानुशतके भिंतींवर कोरलेल्या ओळीही तशाच आहेत. व्हित्तोरिओ आव्होंदो या चित्रकाराने १८७२ साली हा वाडा घेतला, पांगलेले सामान शोधून परत आणले, जे मिळाले नाही त्याच्या जागी नकला करवून ठेवल्या, आणि १९०७ साली सर्व राष्ट्रास देऊन टाकले. नकला त्यानेही केल्या. पण त्या ओळी खरवडून भिंती नव्याकोऱ्या केल्या नाहीत, हे आम्हांस मोठे वाटते.

हा वाद दूरदेशीचा म्हणून सोडून देता येत नाही. १८१८ नंतर इंग्रजांनी आमच्या गडांच्या वाटा व तट सुरुंगांनी उडविले. म्हणजे बार्दचे दुःख आम्हांस परके नाही. २०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या बारा दुर्गांस युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत. आता गर्दी वाढेल, पैसा येईल, आणि आल्प्स पाहून सुस्कारे टाकणारेच म्हणतील, ‘आमचेही किल्ले तसे देखणे करा.’ तेव्हा त्यांस विचारले पाहिजे, तसे म्हणजे कसे? साँ-प्येरच्या मनोऱ्यांसारखे, की इसोन्यच्या भिंतींसारखे? कोसळणारा तट सावरणे हे कर्तव्य आहे. पण सिमेंटचा गिलावा करून, कमान रचून, ती तीनशे वर्षांपूर्वीची म्हणून दाखविणे म्हणजे सुरुंगातून वाचले तेही घालविणे होय.

आमच्या वाचकांपैकी जे पुढच्या उन्हाळ्यात त्या खोऱ्यात जातील त्यांनी जरूर जावे, आणि आनंदही मानावा. मात्र प्रत्येक दारात एवढे विचारावे : हा दगड कोणत्या काळचा, तो कोणी बसविला, आणि येथे पूर्वी काय होते? मग परत आल्यावर हाच प्रश्न घराजवळच्या गडावर विचारावा. सुस्काऱ्याने एकही चिरा सावरला जात नाही. पण असे विचारणारे शंभर लोक गडावर येऊ लागले, तर खोटा चिरा बसविणाऱ्याचा हात खात्रीने थबकेल.